वीस अँपिअरचं घर

माभेलेच्या हातची बियर ज्यानं प्यायली नाही त्यानं लुखान्यो वस्तीत उगाच दिवस काढले, असं म्हणणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यातल्या निम्म्यांना फुकट प्यायची सवय लागलेली, ती सोडून द्या. उरलेली मात्र खोटं बोलत नाहीत. तिचं खरं नाव नोझिबेले फिकेनी. भेले हे माहेरचं कुळ, म्हणून ती सगळ्यांची माभेले, अगदी नवऱ्याचीसुद्धा. वय त्रेसष्ट, उंची बेताची, आणि बोलणं त्याहून बेताचं. कुणी तिला विचारलं की बियर इतकी चांगली कशी होते, तर ती म्हणायची, "ढवळते." झालं. पुढं काय विचारणार, कपाळ?

बावीस वर्षांची असताना तिच्या गावच्या रस्त्याकडेला केबल टाकायला टोळी आली. त्या टोळीत वेलिले होता. इतर पोरं मुकादमाची पाठ वळली की फावडी टाकून झाडाखाली पसरायची, हा एकटा चर सरळ आहे का ते डोळा बारीक करून बघत बसायचा. माभेले आणि तिची आई दुपारी टोळीला बियर द्यायच्या. पहिल्या दिवशी त्यानं भांडं परत देताना ते विसळून दिलं. आईनं त्याच दिवशी ओळखलं की पोरगी चालली. लग्नानंतर सासूनं तिला बियर पहिल्यापासून शिकायला लावली. भेल्यांची बियर भेल्यांच्या घरी, फिकेनींच्या घरात फिकेनींची, असा म्हातारीचा खाक्या होता. माभेले शिकली, आणि तीन वर्षांत सासू स्वतःच पाहुण्यांना सांगायला लागली की आता माझ्यापेक्षा हिची चांगली होते. सासवा असं सहसा म्हणत नाहीत, हे सांगायला नको.

वेलिलेनं पुढची एकोणतीस वर्षं पालिकेच्या केबल खात्यात काढली. चर खणण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी शेवटी तो खांबावर चढायचा. त्याचं मुख्य काम आमच्यासारख्या वस्त्यांमध्ये फिरून चोरून टाकलेल्या तारा कापणं. लोक त्याला शिव्या घालायचे, एकदा दगडही मारला. पण एका पावसाळ्यात ओल्या गवतात पडलेल्या अशा एका तारेवर एका बाईचा पाय पडला आणि तिला सोडवायला वेलिलेलाच जावं लागलं. ती वाचली नाही. त्या दिवशी घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर कुणी कितीही शिव्या घातल्या तरी तो हसून पुढं जायचा आणि तार कापायचा.

सरकारनं दिलेलं घर दोन खोल्यांचं. दाराशेजारी भिंतीवर बोर्ड, त्यात मीटर, चार प्लग आणि एक काळं बटण. वीस अँपिअर. गरिबाच्या घराला एवढीच वीज, त्याहून जास्त ओढली की बटण खाली पडतं आणि घर गप्प होतं. वेलिलेनं बायकोला हा हिशेब बोटांवर शिकवला होता. शेगडीची मोठी चकती सहा, लहान चकती चार, फ्रिज एक, इस्त्री पाच, किटली नऊ, आणि चर्चच्या बायकांकडून मागून आणायचं ते पाणी उकळायचं विजेचं पिंप दहा. तो म्हणायचा, वीसवर एखादा चढला तर बटण थोडा वेळ सोसतं, मग पडतं. पण पाच-सात चढले तर तत्काळ. शाळेत तिसरीपर्यंत गेलेली माभेले हा हिशेब झोपेतसुद्धा बरोबर सांगायची.

दोन वर्षांपूर्वी वेलिले गेला. फुप्फुसं गेली होती.

आमच्यात माणूस गेला की त्याला वाटेला लावतात, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी घरी परत बोलावतात. तोवर तो बाहेर असतो. कुठं, ते कुणी सांगत नाही, पण बाहेर असतो. बोलवायला बैल लागतो, घरच्या बाईच्या हातची बियर लागते, आणि घरातला थोरला पुरुष लागतो. तो आवारातल्या खुंटांच्या गोठ्यात उभा राहून हाक मारतो. थोरला बोलला नाही तर बैल नुसताच बैल आणि बियर नुसतीच बियर. फिकेनींच्यात थोरला म्हणजे वेलिलेचा भाऊ दुमिसा, वय चौऱ्याहत्तर, राहणार गावाकडे. त्याच्याखेरीज हाक मारायचा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. ऑगस्टमधला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीतला, एक शनिवार त्यानंच ठरवला, आणि एकदा त्यानं ठरवलं की ते ठरलं.

माभेलेची दोन वर्षं कशी गेली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण नवरा बाहेर थंडीत उभा आहे आणि आपण आत पांघरुणात आहोत, हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. तो घरी यायला हवा होता. बाकी तिला काही नको होतं.

आता बियर शिजवायची कशावर? गावाकडे अंगणात तीन पायांचा हंडा आणि लाकडं. पण वस्तीत ऑगस्टच्या वाऱ्यात उघड्यावर विस्तव पेटवायचा नाही असा गल्लीच्या कमिटीचा नियम आहे. दोन सालांपूर्वी एका रात्रीत अकरा झोपड्या जळल्या तेव्हापासून. गॅस आणि रॉकेल माभेलेनं घरात कधी येऊच दिलं नाही, तिची धाकटी बहीण स्टोव्हनं भाजली होती. शेजारणी म्हणाल्या, एकेक हंडा आमच्या घरी शिजवू. दुमिसानं फोनवरच मोडता घातला. ज्या घरात त्याला बोलवायचं त्याच घरात शिजलं पाहिजे, चार दारं फिरून आलेली बियर मी भावापुढं धरणार नाही. हे म्हणणं माभेलेलाही पटलं. म्हणजे राहिली वीज.

तीही दिवसभर नव्हे. थंडीत आमच्या वस्तीची वीज पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ बंद असते, चोरट्या तारांनी रोहित्र पेटू नये म्हणून. मक्याचं पीठ आणि मोड आणून वाळवलेली ज्वारी कोमट पाण्यात कालवून मंगळवारी घोंगडीखाली ठेवली की गुरुवारी ते बरोबर आंबतं. त्याच दिवशी शिजवलं पाहिजे. एक दिवस पुढं गेलं तर आंबट ढाण, मग शनिवारी प्यायची सोय नाही. म्हणजे गुरुवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. चार हंडे, एकेकाला दीड तास. पिंप दहा, मोठी चकती सहा, फ्रिज एक. सतरा. आठ तासांतले सहा कामाचे, हाताशी दोन. माभेलेनं हे सगळं बोटांवर मोजलं आणि तिला बरं वाटलं. बसत होतं.

एक गोष्ट मात्र तिच्या बोटांत आली नाही. चहा.

घरात कार्य आहे म्हटल्यावर आमच्याकडे माणसं येणारच. येतील, बसतील, मयताची आठवण काढतील, आणि बसल्यावर चहा हवाच. न विचारता, लगेच, कडक, दुधाचा, सहा चमचे साखरेचा. म्हाताऱ्या माणसाला चहासाठी थांबवणं म्हणजे त्याला दारातून घालवण्यासारखंच. पिंपात वाफाळतं पाणी होतं की, असं तुम्ही म्हणाल. होतं. पण सासूचा नियम होता की बियरसाठी काढलेल्या पाण्याला पहिलं भांडं गोठ्यात जाईपर्यंत दुसरं काम सांगायचं नाही. आणि हा नियम जगात सगळ्यात कडक कोण पाळायचा? दुमिसा. म्हणजे चहा हवा आणि तोही किटलीतला हवा. माभेलेनं पहाटे साडेचारलाच दोन थर्मास भरून ठेवले. थर्मास भरताना तिला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. दहा वाजेपर्यंत दोन्ही रिकामे झाले.

मदतीला गावाहून दुमिसाची सून झिखोना आली होती. चाळिशीची, गोल, कामाला वाघीण, आणि सासरच्या पुरुषासमोर मान वर न करणारी. कुळातले तीन म्हातारे दहाच्या सुमारास आले आणि बसायच्या आतच झिखोनाचा हात आपोआप किटलीकडे गेला. किटली भरली, प्लग लावला. सतरा आणि नऊ, सव्वीस. बोर्डात टक् झालं, फ्रिज गप्प झाला.

माभेलेनं ढवळणं थांबवलं नाही. पहिला हंडा शिजत आला होता, चकती अजून तापलेली होती, त्या उष्णतेवरच ती ढवळत राहिली. बटण लगेच वर केलं तर पुन्हा पडतं, बोर्डाला निवायला वेळ द्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. बारा मिनिटं गेली. मग तिनं झिखोनाला बाजूला घेऊन सांगितलं की पाच वाजेपर्यंत किटलीला हात लावायचा नाही, कुणीही येवो. झिखोनानं मान हलवली, आणि मघाशी हात लावला म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. म्हातारे चहाविना उठून गेले.  

सुनेबरोबरच गावाहून आलेला दुमिसा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून खोकत होता. हा खोकला सगळ्या घराला ओळखीचा होता. छातीतला नव्हे, चहाचा. बाबा, माणसानं चहा प्यावा, पण दिवसातून अकरा वेळा? गावाकडे चूल कायम पेटलेली, सून कायम हाताशी. त्याला आयुष्यात कधी चहा मागावा लागला नव्हता, तो यायचाच.

साडेअकराला दुसरा हंडा चकतीवर चढला. पिठाचा कढ घट्ट व्हायला लागला की त्याला सोडता येत नाही. बुडाला लागलं तर करपलेला वास सगळ्या बियरला धरतो, आणि तो वास गाळून जात नाही. माभेलेचे खांदे भरून आले होते. तिनं ढवळणी झिखोनाच्या हातात दिली आणि निवायला ठेवलेल्या टबावरचं फडकं वाऱ्यानं उडतंय का ते बघायला मागच्या दारानं बाहेर गेली. पाच मिनिटं. फार तर सात.

तिला आधी वास आला.

ती आत धावली. घर गप्प होतं. हंड्यापाशी कुणी नव्हतं, ढवळणी लापशीत आडवी पडलेली, चकती अजून तांबूस आणि मधोमध एक बुडबुडा येऊन फुटत होता. झिखोना बोर्डापाशी उभी होती, हातांचं काय करावं ते न कळल्यासारखी. खाली प्लगमध्ये किटली लावलेली, अंगाला हात लावला तर गारच. दुमिसा खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसला होता.

माभेले चाळीस वर्षांत कुणाला जेवढं बोलली नव्हती तेवढं त्या मिनिटात झिखोनाला बोलली. एकदा सांगून कळत नाही का, कान गावाकडे ठेवून आलीस का, दोन दिवस आंबवलेलं आता पुन्हा कुठून आणू, आणि हातातला हंडा टाकून पळालीस ती पळालीस तरी कशाला? झिखोनानं मान खाली घातली ती वर केली नाही.  तिच्या त्या गप्प बसण्यानं माभेले आणखी चिडली.

तिनं हंडा उतरवला. बूड न खरवडता वरवरचं दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं, चमचाभर जिभेवर ठेवलं. आहे. फार नाही, पण आहे. हे टाकलं तर बियर एक चतुर्थांश कमी, आणि कार्याला बियर कमी पडली असं वस्ती दहा वर्षं सांगत बसेल. घातलं तर करपट. तिनं घातलं. घालताना तिला असं वाटलं की आपण नवऱ्याला ताटातलं उष्टं वाढतोय.

आणि मग दुमिसा बोलायला लागला. तो विजेवर घसरला. माझ्या भावानं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी दिवे लावले, आणि त्याच्या स्वतःच्या घरात बियर आणि चहा एका वेळी होत नाही. वीस अँपिअर! कोंबड्यांच्या खुराड्याला तरी यापेक्षा जास्त देतात. त्यानं शेजारच्या पोरीला हाक मारून मोंडेला बोलावून आणायला सांगितलं.

मोंडे म्हणजे आमचा तारवाला. खांबापासून मीटरला वळसा घालून घरात वीज आणणं ही त्याची कला. स्वभावानं वाईट नाही, म्हाताऱ्यांची कामं फुकट करतो, आणि वेलिलेनं त्याच्या तारा किती वेळा कापल्या याचा त्यालाही राग नव्हता. तो म्हणायचा, फिकेनीकाका त्यांचं काम करतात, मी माझं. एक वाजता तो पक्कड आणि वेटोळं घेऊन आला. पाच मिनिटांचं काम आहे, दोन दिवस वापरा, रविवारी येऊन काढून नेतो, कुणाला कळणारही नाही. दुमिसानं बोर्डाकडे बोट दाखवलं.

तिसरा हंडा चकतीवर होता. माभेलेनं झिखोनाच्या हातात ढवळणी दिली, तिच्याकडे न बघता. हात पदराला पुसले आणि ती येऊन बोर्डासमोर उभी राहिली. आमच्याकडे सून थोरल्या दिराचं नाव घेत नाही, त्याच्या समोरून ओलांडून जात नाही, त्याच्या बोलण्यावर बोलत नाही. माभेलेनं एक्केचाळीस वर्षं हे पाळलं होतं, एकदाही चुकली नव्हती. तो अजून तिला माकोटी म्हणायचा, म्हणजे नवी नवरी, आणि ती त्याला भुती, म्हणजे दादा.

"माकोटी, बाजूला हो," दुमिसा म्हणाला.

"नाही, भुती."

तो पुढं काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याला ऐकू आलं त्यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता.

"ते ज्या दारातून आत यायचेत त्या दारावर मी चोरीची तार लावणार नाही," माभेले म्हणाली. "ते तार बघतील आणि तसेच परत फिरतील. मला माहीत आहे, मी त्यांच्याबरोबर राहिलेय. आणि आज या घरात चहा होणार नाही. पाच वाजेपर्यंत नाही. कुणालाच नाही, भुती. तुम्हालाही नाही."

मोंडेनं पक्कड खिशात घातली आणि एकदम दाराच्या बिजागरीत फार रस वाटल्यासारखा तिकडे बघत बसला. दुमिसा उठला. त्यानं कोट घातला, काठी घेतली, आणि माभेलेकडे नजर न टाकता बाहेर निघून गेला. फाटक वाजलं. मोंडेही वेटोळं उचलून गेला.

 आपण काय बोलून बसलो हे माभेलेला तेव्हा कळलं. हा माणूस आता टॅक्सीच्या नाक्यावर जाईल, गाडीत बसेल आणि गावाला निघून जाईल. शनिवारी गोठ्यात कोण उभं राहणार? कोण हाक मारणार? एक कप चहा दिला असता तर काय झालं असतं? फार तर पंधरा मिनिटं गेली असती, आणि दोन तास हाताशी होते. पण दोनदा बटण पडून त्यातला बराच वेळ गेला होता, शिवाय एक चहा झाला की दुसरा येतो. हेही तिला माहीत होतं. ती धावत मागे गेली असती, हात जोडले असते. पण तिसरा हंडा घट्ट व्हायला लागला होता, आणि झिखोनावर तिचा आता विश्वास नव्हता. ती परत जाऊन ढवळत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्या बियरचा राग आला.

दुपार अशी गेली. आणि एक विचित्र गोष्ट झाली: कुणी आलंच नाही. दोन वाजले, तीन वाजले, एक माणूस फाटकातून आत आला नाही. कार्याच्या दोन दिवस आधीचं घर आणि दारात एक चप्पल नाही! माभेलेनं त्याचा जो अर्थ लावायचा तोच लावला. दुमिसानं जाता जाता सगळ्या वस्तीच्या कानावर घातलं असणार, की फिकेनींच्या घरात थोरल्याचा मान राहिला नाही. तिनं तिसरा हंडा उतरवला, चौथा चढवला. बटण पडलं नाही, सतरावर सतरा, शांत. तिला वाटलं, आता बियर उत्तम होईल आणि प्यायला कुणी नसेल. तिनं नवऱ्याला मनातल्या मनात सांगितलं, की तुमच्यासाठीच केलं हो, पण बहुतेक तुम्हाला आणखी थोडं बाहेरच राहावं लागणार.

पाचला दहा मिनिटं असताना चौथा हंडा उतरला. पाचला वीज गेली.

माभेलेनं झिखोनाला नाक्यावर पाठवलं, गावची शेवटची गाडी गेली का ते बघायला. ती दहा मिनिटांत परत आली, तोंडावर हात ठेवून.

"काकी, ते गेलेच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी बसलेत. खोक्यावर. दुपारपासून."

"तिथं काय करतायत?"

"येईल त्याला परत पाठवतायत. सांगतात, आत बियर शिजतेय, चहा नाही, घराला त्रास देऊ नका, शनिवारी या. धर्मगुरूंनासुद्धा परत पाठवलं म्हणे."

ऑगस्टचा वारा आमच्याकडे अंगातलं रक्त गोठवतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्या वाऱ्यात चार तास खोक्यावर बसला होता, पोटात दहा वाजल्यापासून चहाचा थेंब नाही. तो आत आला तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. माभेलेनं त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि खुर्ची गरम हंड्यापाशी सरकवली. त्यानं हंड्याला दोन्ही तळवे लावले.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं, भुती."

एवढंच. तारेबद्दल नाही, चहाबद्दल नाही. तिनं माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले, म्हणून तिनं मागितली नाही.

त्या संध्याकाळी निवलेल्या लापशीत उरलेली मोडाची ज्वारी पडली. शुक्रवारी सकाळी टबांत फेस चढला, दुपारी गवताच्या गाळणीतून गाळून झालं. माभेलेनं चव घेतली. अंगानं दाट, आंबटपणा नेमका, आणि घोट खाली उतरल्यावर मागून तो करपट वास. दुसऱ्या कुणी केली असती तर चालली असती. हिच्या हातची चाळीस वर्षं पिणाऱ्यांना पहिल्या घोटात ते कळणार होतं.

शनिवारी वारा पडला होता. बैल सकाळीच कापून झाला. आवारात खुंट ठोकून केलेल्या गोठ्यात पुरुष दाटीवाटीनं उभे राहिले. बायका आत जात नाहीत. माभेले खुंटांच्या बाहेर उभी होती, नवीन निळ्या झग्यात, शेजारी झिखोना. गुरुवारपासून दोघी कामापुरतं बोलत होत्या. पत्र्याच्या भांड्यातून पहिली बियर आत गेली आणि दुमिसाच्या हातात आली. त्यानं कुळाची नावं घेतली, एकामागून एक, आजा, पणजा, त्यांच्याही पलीकडचे. थोडी बियर जमिनीवर ओतली. मग स्वतः घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच धरून ठेवला.  भांडं पुढं सरकलं, दुसऱ्यानं घेतली, तिसऱ्यानं घेतली. म्हाताऱ्यांच्या भुवया वर गेल्या. माभेलेनं खुंट घट्ट धरला.

दुमिसानं भांडं परत मागून घेतलं.

"वेलिले," तो मोठ्यानं म्हणाला, "बियर करपलीय. तू येशील आणि विचारशील, म्हणून आधीच सांगतो. तुझ्या बायकोनं किटलीला हात लावू नका म्हणून बजावून ठेवलं होतं. ही बाहेर गेलेली बघून किटली मी लावली. माझ्या हातानं. मी, तुझा थोरला भाऊ. सुनेनं हंडा टाकला तो मी तिला बटण वर कर म्हणून ओरडलो म्हणून. मग त्या बिचारीनं माझ्या वाटचे बोल खाल्ले आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. तुझ्या बायकोच्या हाताला दोष नाही. हिनं तुझ्या दाराला डाग लागू दिला नाही, मी लावायला निघालो होतो तरी. हे सगळ्यांच्या देखत सांगितलं. आता ये. घरी ये."

 मग म्हाताऱ्यांतला एक म्हणाला, "ये," आणि मग सगळे म्हणाले.

माभेलेनं झिखोनाकडे बघितलं. झिखोनाची मान अजून खालीच होती. "बोलली का नाहीस गं?" तिनं विचारलं.

"सासरे आहेत, काकी. कसं बोलणार?"

माभेलेनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली. हे कार्य आनंदाचं असतं, त्यात रडत नाहीत. मयताच्या वेळी, त्यानंतरच्या दोन वर्षांत, तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. पण कुणी तिला गप्प केलं नाही. आत पुरुषांनी भांडं पुन्हा फिरवायला घेतलं, आणि ती करपट बियर त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत संपवली.